बैठक

आमच्या घरात खुर्ची होती ती पाहुण्यांसाठी. आम्ही सगळे खाली. जेवण पाटावर, आईची पूजा पाटावर, भाजी निवडणं, पेपर वाचणं, मुलीचा अभ्यास, माझे पेटीचे वर्ग, सगळं शहाबादी फरशीवर सतरंजी टाकून. साताऱ्यातल्या शनिवार पेठेतलं हे घर वडिलांच्याही आधीचं. देवघर, फडताळं, खिडक्या, सगळं बसलेल्या माणसाच्या उंचीचं आहे. मांडी घालून बसलं की खिडकीतून रस्ता दिसतो, उभं राहिलं की फक्त समोरच्या घराची कौलं.

मी संवादिनी वाजवतो आणि शिकवतो. गुरुवारी पेठेतल्या विठ्ठल मंदिरात भजनाची साथ, कार्तिकात काकड आरती, अधूनमधून कीर्तन, कधी शाहू कला मंदिरात नाट्यगीतांचा कार्यक्रम. सातव्या वर्षी वडिलांनी मला पेटीपुढे बसवलं, तेव्हा पहिला धडा बोटांचा नव्हताच. पाठ ताठ, दोन्ही गुडघे जमिनीला, आणि हलायचं नाही. बैठक पक्की झाली की हात आपोआप मोकळा होतो, असं ते सांगत. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं मी त्या एका धड्यावर काढली. म्हणून शेहेचाळिसाव्या वर्षी उजवा खुबा बदलावा लागणार हे कळलं, तेव्हा चालता येईल का, पळता येईल का, हे प्रश्न मला सुचलेच नाहीत. मी विचारलं, मांडी घालता येईल का?

दुखणं सुरू झालं ते गुडघ्यात. २०२२ सालचा पाऊस ओसरत होता. गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ आला. गोळ्या झाल्या, शेक झाला, आईनं निर्गुडीचं तेल चोळलं. मग कोणी कमरेतली नस दबली असेल म्हणालं, तेव्हा पट्टा आला. महिने असेच गेले. नंतर समजलं की खुब्याला आणि गुडघ्याला जाणारे काही मज्जातंतू एकच असतात, त्यामुळे बिघाड वर असला तरी ठणका खाली लागतो, आणि कित्येकांचं निदान याच एका कारणानं लांबतं. आपण 'खुबा' म्हणून हात लावून दाखवतो ती बाजूची हाडाची उंची. खरा सांधा आत असतो, जांघेत. दुखायचं ते तिथे. पायमोजा चढवताना, पायाची नखं काढताना, गाडीवर टांग टाकताना ते कळून येतं.

मला ते कळलं बैठकीवर. उजवा गुडघा जमिनीला टेकेना. आधी दोन बोटं वर, मग वीतभर. आठवीतली एक विद्यार्थिनी एकदा भूप वाजवता वाजवता थांबली आणि म्हणाली, "सर, तुमचा एक गुडघा वर का?" तिच्याआधी ते कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

साताऱ्यात राहणाऱ्याला पायाचं दुखणं लपवता येत नाही. अजिंक्यताऱ्याच्या अंगावर, उतारावर वसलेलं हे गाव. मोती चौकातून वर माचीकडे निघालं की प्रत्येक गल्लीत चढ. सपाट रस्त्यावर चालतानाही खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट भार येतो, जिन्यावर त्याहून जास्त. मी चालताना उजवीकडे झुकू लागलो. दुकानदार दुकानातूनच हाका मारून विचारू लागले.

शेवटी एका अस्थिरोगतज्ज्ञांनी मला उताणं झोपवलं, गुडघा वाकवला आणि पाय आतल्या बाजूला वळवायला गेले. मी ओरडलोच. त्यांनी गुडघ्याकडे पुन्हा पाहिलंही नाही. "सर, गुडघा विसरा. दोन्ही खुब्यांचा एमआरआय करून घ्या."

अहवालात तीन अक्षरं होती, एव्हीएन. अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं आणि ते कमरेच्या हाडातल्या खोलगट उखळीत फिरतं. त्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या फार बारीक, आणि त्यांना पर्यायही फारसा नाही. रक्त थांबलं की आतलं हाड मरतं. वरून आकार तोच राहतो, म्हणून सुरुवातीला एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. मेलेलं हाड वाळवी लागलेल्या वाशासारखं काही दिवस भार पेलतं आणि मग एके दिवशी आत बसतं. गोळा बसण्याआधी सापडलं, तर हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करता येतो, सांधा वाचवण्याची संधी असते. माझा उजवा गोळा बसला होता. डाव्यात लहानसा डाग होता, आकार शाबूत होता. हा आजार पुष्कळदा दोन्ही बाजूंना होतो, म्हणून दुखत नसलेल्या बाजूचाही एमआरआय त्यांनी मुद्दाम करायला लावला होता.

कारण विचारलं तेव्हा डॉक्टरांनी दोन मोठी कारणं सांगितली, स्टिरॉइड आणि दारू. मार लागून हाड मोडणं, सिकलसेल आणि आणखी काही आजारही त्यात येतात, आणि काही रुग्णांत कारण सापडतच नाही. दारूचा थेंब मी कधी घेतलेला नाही. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, मी ऑक्सिजनवर होतो. तेव्हा जिल्ह्यात बेड मिळणं म्हणजे काय होतं, ते इथल्या माणसांना सांगायला नको. मला स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली गेली, घरी आल्यावर गोळ्याही होत्या. डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधानं ऑक्सिजनवरच्या रुग्णांतले मृत्यू एक पंचमांशाने आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले एक तृतीयांशाने कमी होतात, हे २०२० च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीतून समोर आलं होतं. मी त्या वाचलेल्यांतला एक आहे असं मी धरून चालतो. माझ्या शेजारच्या खाटेवरचा रहिमतपूरकडचा तरुण वाचला नाही. त्याचा मोबाइल रात्रभर उशाशी वाजत होता. म्हणून कोणी हळहळून म्हणतं, "त्या स्टिरॉइडनं वाट लावली तुमची", तेव्हा मला ते पटत नाही. डॉक्टरही खात्रीनं सांगू शकत नाहीत की त्यामुळेच झालं. आणि झालं असलं, तरी एक सांधा देऊन मी घरी परत आलो. मुलीची दहावी पाहिली.

दारूचं मात्र आईला फार लागलं. कोणीतरी कुठेतरी वाचलं असावं, आणि पेठेत कुजबुज झाली की पेटीवाल्या मास्तरांना आतून सवय आहे. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. ती मंदिरात जायची थांबली. बायको मात्र गप्प बसणारी नाही. एका हळदीकुंकवाला तिनं सगळ्यांसमोर एमआरआयचा अहवाल, कोविडच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, सगळं तोंडपाठ सांगितलं. ज्यांना खरोखर दारूमुळे हा आजार होतो, तेही रुग्णच आहेत, त्यांचाही पाय असाच ठणकतो, हेही ती म्हणाली. ते वाक्य मला तिच्या बाकी सगळ्या बोलण्यापेक्षा मोलाचं वाटलं.

*

शस्त्रक्रिया करायचीच हे ठरल्यावर सगळे पुण्याला जा म्हणाले. साताऱ्याहून दोन-अडीच तासांचं अंतर, आणि काही मोठं निघालं की पुणं, ही इथली रीतच. मी इथेच केली. मला रोज भेटणारा, तपासायला घराजवळ असणारा सर्जन हवा होता. बायकोला नोकरी सांभाळून यायचं होतं. आणि ज्यांनी पाय वळवून निदान केलं त्यांच्यावर माझा विश्वास बसला होता. त्यांनी माझे सगळे प्रश्न कागदावर लिहून घेतले आणि एकेक करत उत्तरं दिली.

शेहेचाळिसाव्या वर्षी खुबा बदलायचा की अजून काही वर्षं काढायची, हा त्यातला सगळ्यात अवघड प्रश्न. कृत्रिम सांधा झिजतो. तरुण माणूस तो जास्त वापरतो, आणि त्याला आयुष्यही जास्त काढायचं असतं. दुसऱ्यांदा बदलायची वेळ आली तर ती शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा कठीण असते. २०१९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, त्यात बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के २५ वर्षं टिकतात असं दिसलं. ती आकडेवारी जुन्या बनावटीच्या सांध्यांची. आत्ताचं प्लॅस्टिक त्याहून कमी झिजतं. मी हिशेब केला, २५ वर्षं म्हणजे एकाहत्तर. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही थांबलात तर सांधा वाचणार नाही, वर्षं फक्त दुखण्यात जातील. पन्नाशीतली वर्षं तुमच्या कामाची आहेत. ती चांगल्या पायानं जाऊ देत." तिथेच मी होकार दिला.

रात्री झोप येत नसे, तेव्हा मी या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचत असे. १८९१ मध्ये बर्लिनच्या ग्लुक नावाच्या सर्जननं हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले होते. आजच्या रूपातला खुबा इंग्लंडमधल्या रायटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्नली यांनी उभा केला. मला त्यांच्याबद्दलची एक गोष्ट फार जवळची वाटली. त्यांच्याकडे एक रुग्ण आला, त्याच्या खुब्यात अ‍ॅक्रिलिकचा गोळा होता आणि तो हलला की किरकिर करे. इतकी, की घरात त्याच्या बायकोला ती असह्य व्हायची. दुसऱ्या कोणी ती तक्रार हसण्यावारी नेली असती. चार्नलींनी त्या आवाजाचा माग काढला. आवाज म्हणजे घर्षण, घर्षण म्हणजे पुढेमागे सांधा सैल होणार. घर्षण कमी करायला त्यांनी टेफ्लॉनची उखळी केली, काही वर्षांतच ती झिजली, आणि आपल्याच शेकडो रुग्णांचे सांधे उघडायची पाळी त्यांच्यावर आली. मग कापड गिरण्यांतल्या मागांच्या दातेरी चाकांसाठी एक प्लॅस्टिक विकणारा माणूस आला. चार्नलींना त्यात काही दिसलं नाही, पण त्यांच्या तंत्रज्ञ मदतनिसानं ते गुपचूप घासून पाहिलं, आणि ते झिजेना. दाट पॉलिथिलिनची उखळी, पोलादाचा सुमारे २२ मिलिमीटरचा गोळा आणि दातांच्या डॉक्टरांकडून उचललेलं अ‍ॅक्रिलिकचं सिमेंट, अशी ती जोडी १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा माणसात बसली. एका किरकिरीकडे कान दिला गेला म्हणून हे झालं. माझं सगळं आयुष्य कानावर चाललेलं असल्यामुळे असेल, पण हे वाचल्यावर माझी भीती बरीच उतरली.

माझ्यात सिमेंट वापरायचं नव्हतं. तुलनेनं तरुण हाड खडबडीत टायटॅनियमला स्वतःच धरून वाढतं, म्हणून वाटी आणि दांडा नुसता घट्ट ठोकून बसवतात. वाटीत पॉलिथिलिनचं अस्तर, वर ३६ मिलिमीटरचा सिरॅमिकचा गोळा. डॉक्टरांनी नमुना हातात दिला. फिकट गुलाबी, इतका गुळगुळीत की बोट थांबतच नव्हतं. गोळा मोठा असला की सहज निखळत नाही, म्हणून हे माप.

*

२०२३ च्या जुलैत, धो धो पावसात, मी दाखल झालो. दात तपासून झाले होते, लघवीची तपासणी झाली होती. शरीरात कुठेही जंतू दडलेले चालत नाहीत, कारण कृत्रिम सांध्याला एकदा संसर्ग झाला की तो काढणं अतिशय जिकिरीचं. पाठीतून इंजेक्शन दिलं. कमरेखालचं सगळं गेलं, मन जागं राहिलं. झोपेचं औषध हवं का विचारलं, मी नको म्हणालो. डाव्या कुशीवर आडवा, पुढे हिरवा पडदा.

वेदना अजिबात नव्हती. आवाज होते. करवतीचा आवाज आला आणि माझ्या शरीराचा एक भाग आता शरीराचा राहिला नाही हे मी समजून घेतलं. मग उखळ घासून गोल करणारं यंत्र. आणि मग हातोडा. मांडीच्या हाडाच्या पोकळीत एकामागून एक मोठ्या मापाचे नमुन्याचे दांडे ठोकून जागा करत नेतात. टेबलासकट मी हलत होतो. सुरुवातीचे ठोके भरड, मोकळे होते. माप वाढत गेलं तसा ठोक्याचा स्वर चढत गेला. मी नकळत तो मनात लावून पाहत होतो. एका क्षणी पट्टी बदलली, आवाज आखूड आणि टणक झाला, पुढचे दोन-तीन ठोके त्याच स्वरावर आले, आणि हातोडा थांबला. डॉक्टर म्हणाले, "बस. हेच माप."

दुसऱ्या दिवशी राउंडला ते आले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. ते खाटेच्या कडेलाच बसले. म्हणाले, "आम्हीही तोच आवाज ऐकून थांबतो. दांडा घट्ट बसला की स्वर बदलतो. त्याच्या पुढे ठोकलं तर हाड तडकेल. पण रुग्णानं मला हे पहिल्यांदाच सांगितलं." त्यांनी माझा हात हातात घेतला. एवढी वर्षं मी स्वर कशाला ऐकत आलो, त्याची मला कधी शंका नव्हती. पण ज्या हातांनी माझा पाय उघडला ते हातही कानानेच चालतात हे कळल्याचा आनंद मला आजही पुरतो.

त्याच दिवशी वॉकर घेऊन उभं केलं. फिजिओथेरपिस्ट मुलगी कराडची, माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी. "काका, खाली बघू नका, समोर बघा." पाय माझा होता आणि नव्हता. पण जांघेतली ती जुनी कळ नव्हती. जखमेचा ठणका होता, सूज होती, ते वेगळं. वर्षभर प्रत्येक पावलाला असलेली कळ एका रात्रीत नाहीशी झाली होती, आणि मला रडू आलं. ती मुलगी काही बोलली नाही. वॉकर धरून तिथेच उभी राहिली.

पुढचे दिवस नियमांचे. कमरेत काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. उजवा पंजा आत वळवायचा नाही. झोपताना दोन्ही पायांत उशी. पहिल्या तीन महिन्यांत सांधा निखळण्याचा धोका सगळ्यात जास्त, तोवर भोवतीचे स्नायू आणि आवरण धरायचं असतं. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून पोटावर इंजेक्शनं आणि घट्ट मोजे. जिन्यासाठी मंत्र एकच: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी हातात आली तेव्हा ती मी उजव्या हातात धरली. मुलीनं ती काढून डाव्यात दिली. काठी नेहमी विरुद्ध हातात, म्हणजे भार वाटला जातो.

घराचं काय करायचं हे आधीच ठरवावं लागलं होतं. पलंगाखाली लाकडी ठोकळे घालून तो उंच केला. मागच्या संडासाचं काम काढून कमोड बसवला. आई म्हणाली, "माझ्यासाठी कोणी केला नाही इतकी वर्षं." खरं होतं ते. तिचे गुडघे दहा वर्षं दुखताहेत. घरात कर्त्या पुरुषाचा पाय अडला तेव्हा गवंडी आला. आता त्या कमोडचा उपयोग माझ्यापेक्षा तिलाच जास्त आहे.

टाके काढायला गेलो तेव्हा बाकावर शेजारी खटावकडचे एक शेतकरी बसले होते. त्यांचाही खुबा बदलला होता, माझ्याच मागेपुढे. वय पन्नाशीच्या आत. डॉक्टरांना त्यांनी आत न जाता दारातूनच विचारलं, "साहेब, उकिडवं बसायचं न्हाई म्हन्ता, मग म्हशीची धार कुनी काढायची?" मी माझ्या मांडीचं दुःख घेऊन बसलो होतो, आणि या माणसाचं सगळं पोटच उकिडवं बसण्यावर होतं. धार, भांगलण, चूल पेटवणं, शेतात शौचाला जाणं. डॉक्टरांनी टाळलं नाही, बराच वेळ दिला. बसायला ठरावीक उंचीचं स्टूल करून घ्या, म्हैस हळूहळू सवय करेल, तोवर धार मालकिणीकडे. मांडीबद्दलही त्यांनी आम्हा दोघांना मिळून समजावलं. पाठीमागून जो सांधा उघडलेला असतो, तो निखळतो पाय खोल वाकून आत वळला की. मांडी घालताना पाय बाहेर वळतो, त्यामुळे ती घातली म्हणून लगेच निखळेल असं नाही. अडचण आहे खाली बसण्याची आणि उठण्याची. त्यात माणूस हमखास खोल वाकतो आणि तोल सांभाळायला पाय आत घेतो. उकिडवं तर नाहीच. "काही महिन्यांनी सोफ्यावर मांडी घाला. जमीन मात्र सोडा," ते मला म्हणाले.

पुढच्या तपासणीला ते शेतकरी पुन्हा भेटले. बाभळीच्या लाकडाचं तीन पायांचं स्टूल करून घेतलं होतं. म्हैस पहिले काही दिवस लाथा झाडत होती, आता उभी राहते, म्हणाले. मला घरच्या गुळाची ढेप दिली.

*

जमीन सोडणं मला जड गेलं. गणपतीत पहिल्यांदा पाटावर मी नव्हतो. प्राणप्रतिष्ठेला मुलगी बसली, मी मागे खुर्चीवरून मंत्र सांगितले. तिनं ते इतक्या ठामपणे केलं की पुढच्या वर्षीही तीच बसेल हे कोणी न ठरवता ठरलं. ते सोपं गेलं. अवघड होतं ते मंदिर.

भजनात बुवा खाली बसतात. ते सत्तरीचे, माझ्या वडिलांचे मित्र. पखवाज खाली, टाळकरी खाली. विठोबासमोर, बुवांच्या शेजारी, मी खुर्चीवर उंच बसून वाजवायचं ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. लहानपणापासून वडीलधाऱ्यांपुढे वर बसायचं नाही हे अंगात भिनलेलं. मी बायकोला सांगितलं, वर्ग घेईन, भजन बंद. तिनं वाद घातला नाही. बुवांनाच घरी घेऊन आली.

बुवा आले ते थेट मापं घेऊ लागले. खुर्ची किती उंच, पेटी किती वर ठेवली की भाता ओढताना खांदा उचलला जाणार नाही. त्यांना आठवण होती. संगीत नाटकांच्या दिवसांत ऑर्गनवाला खुर्चीवरच बसायचा, पायानं भाता मारायचा, त्याला कोणी उद्धट म्हटलं नाही. त्यांच्या भावाच्या वाड्यात तसली एक पायपेटी पडून होती, ती त्यांनी टेम्पोत घालून माझ्याकडे पाठवली. निम्मे सूर बसलेले होते. फिजिओथेरपिस्टला दाखवली तर ती खूश झाली: पंजा खालीवर करण्याचा जो व्यायाम ती मला कंटाळा येईपर्यंत करायला लावत होती, तोच हा. उंच स्टूलवर बसून मी रोज सकाळी ती वाजवू लागलो. रक्ताभिसरणासाठी आणि जिवासाठी.

काकड आरतीला मी मंदिरात गेलो. सुताराकडून तिवई करून घेतली होती, पेटी तिच्यावर. कडेला, खांबाआड बसायचं मी ठरवलं होतं. बुवांनी खुर्ची उचलायला लावली आणि आपल्या डाव्या अंगाला ठेवली. "तुझा हात मला दिसायला हवा." एवढंच. पेटी वर गेल्यामुळे आवाज त्यांच्या डोक्यावरून जाऊ लागला, पहिल्या अभंगात त्यांना स्वर नीट लागेना. दुसऱ्याच्या आधी त्यांनी ध्वनिक्षेपक वाल्याला हटकून पेटीचा माइक खाली करायला लावला. तिसऱ्या अभंगापासून जमलं. वरून वाजवताना मला पहिल्यांदा सगळ्या टाळकऱ्यांचे चेहरे दिसत होते. खाली बसल्यावर मला फक्त बुवांची पाठ दिसायची. समेवर कोण केव्हा डोळे मिटतो ते मला आता माहीत आहे. वडिलांनी शिकवलेली बैठक गेली, पाठ ताठ ठेवायची सवय राहिली. हाताला ती पुरते.

डाव्या खुब्यातला डाग अजून तेवढाच आहे. आठवड्यातून एक गोळी असते, रिकाम्या पोटी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ठरावीक काळानं एमआरआय. लहान डाग कित्येकदा पुढे सरकतच नाहीत. सरकला, तर या वेळी तो वेळेत सापडेल. सकाळी मी बोगद्याच्या दिशेनं चालून येतो, काठीशिवाय. भिजलेल्या उतारावर अजूनही जपून.

वर्गात आता अर्धी जागा सतरंजीची, अर्धी खुर्च्यांची आहे. मुलांना मी खालीच बसवतो. त्यांच्या खुब्यांना ते सहज जमतं. खुर्च्या मोठ्यांसाठी. गुडघ्यांमुळे शिकणं सोडलेले दोन जुने विद्यार्थी परत आले आणि दिवाळीनंतर एक आजी आल्या, अडुसष्ट वर्षांच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. पेटी शिकायची इच्छा लहानपणापासूनची, म्हणाल्या. पण प्रत्येक क्लासमध्ये खाली बसायला सांगत आणि त्या दारातूनच परत जात. त्यांचे अलंकार पक्के झाले आहेत. भूप कधी, असं परवा विचारत होत्या. येत्या सोमवारी, म्हटलं.